डॉक्टरांसमोरची चाल

डॉक्टरांसमोर मी फार सुंदर चालते. टाच टेकते, गुडघे एकमेकांवर आपटत नाहीत, हात शहाण्यासारखे बाजूला राहतात आणि खोलीच्या टोकाला जाऊन वळताना मी चेहऱ्यावर थोडं हसूसुद्धा आणते. टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत, एवढंच तर चालायचं असतं. नंतर घरी येऊन दिवसभर पडून राहते, पण ते बघायला डॉक्टर येत नाहीत.

ही चाल मला आईने शिकवली. जन्माच्या वेळी मी अडले, हवा कमी पडली आणि मेंदूचा एक तुकडा रुसला तो रुसलाच. शाळेत जायच्या आधीच मला 'सेरेब्रल पाल्सी' हे शब्द स्पष्ट म्हणता यायचे, असं आई सांगते. त्यात कौतुक किती आणि खरं किती ते तिलाच ठाऊक. पाय ताठ, टाचा वर, मान सारखी उजवीकडे ओढलेली. हाडांचे मोठे डॉक्टर मला नुसत्या चड्डीवर उभं करायचे आणि त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांची रांग असायची. "चालून दाखव," ते म्हणायचे. मी चालायचे. मग ते माझ्या पायांबद्दल त्या रांगेशी बोलत बसायचे आणि मी भिंतीकडे बघत उभी राहायचे, कारण मला 'बस' म्हणायचं कुणाच्या लक्षात यायचं नाही.

पहिल्या ऑपरेशननंतर दोन्ही पाय मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होते आणि मध्ये एक आडवी काठी. सामान हलवावं तसं ती काठी धरून मला कुशीवर वळवायचे. आत खाज सुटली की आई विणायची सुई घालून खाजवायची. दुसऱ्यांदा कापलं तेव्हा मला समज आली होती, त्यामुळे नंतर पट्ट्या बदलताना ओरडताही चांगलं आलं. त्यानंतर मोठे डॉक्टर म्हणाले, "पुढच्या भेटीपर्यंत टाचा टेकल्या नाहीत तर पुन्हा विचार करावा लागेल." विचार म्हणजे काय ते आईला बरोबर कळलं.

पुढच्या भेटीच्या दिवशी सकाळीच तिने मला जमिनीवर आडवी घेतली. कोमट तेलाने पोटऱ्या मळल्या, पावलं छातीशी धरली आणि आपलं सगळं वजन त्यांच्यावर टाकलं. मी रडले, तीही रडली, पण तिने सोडलं नाही. असे ताणलेले पाय थोडा वेळ ऐकतात. तेवढ्या वेळात आम्ही दवाखाना गाठला. मोठ्या डॉक्टरांनी खाली वाकून माझ्या टाचेखाली कागद सरकतो का ते बघितलं. सरकला नाही. "शाब्बास," ते म्हणाले, "आता नको कापायला." आईने बाहेर येऊन मला उचललं आणि जिना उतरेपर्यंत खाली ठेवलं नाही.

तो आमचा विजय होता आणि मी तो आजही नाकारत नाही. पण एकदा बसलेली घडी मोडत नाही. मोठे डॉक्टर वारले, दुसरे आले, तेही निवृत्त झाले, मला कापायचं कुणाच्या स्वप्नातही राहिलं नाही, तरी भेटीच्या सकाळी आमच्याकडे तेल तापायचंच. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही आईची लाडकी म्हण. डॉक्टरांनी "घरी कशी असते?" असं विचारलं की माझ्या आधी ती उत्तर द्यायची, "छान असते. सगळं स्वतःचं स्वतः करते." माझे केस पिकायला लागले तरी हे उत्तर तेच राहिलं.

पाय तसे माझे कधीच नव्हते. ते आईचे, मोठ्या डॉक्टरांचे, त्या शिकाऊ रांगेचे. डावा हातही अर्धा त्यांचाच. उजवा हात मात्र माझा होता. मेंदूच्या त्या रुसक्या तुकड्याचं त्याच्याकडे लक्ष गेलं नसावं. त्या एका हातावर मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत नोकरी करते. काच चाकावर घासून फ्रेमच्या मापाची करायची, कडेवरून अंगठा फिरवून धार राहिली का ते बघायचं, फ्रेम गरम करून काच आत बसवायची आणि तिळाएवढा स्क्रू चिमट्याने भोकात सोडून पिळायचा. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. ते गिऱ्हाइकांना सांगतात, "काळजी नको, आत आमची बाई आहे, तिच्या हातून काच तडकत नाही." बाई खुर्चीतून उठते कशी, हे गिऱ्हाइकांनी बघितलेलं नसतं. माझी ओळख कुठेतरी फक्त हातावरून होते, हे मला फार आवडतं.

गेल्या थंडीत स्क्रू पडायला लागले. आधी मी चिमट्याला दोष दिला, मग दिव्याला, मग फ्रेम बनवणाऱ्यांना. दोष द्यायला जग मोठं आहे. पण बोटांच्या टोकांना कापूस गुंडाळल्यासारखं वाटायचं आणि ते काही जाईना. शर्टाची बटणं लावायला एवढा वेळ लागायला लागला की मी लवकर उठू लागले. पायही जड झाले. संडासला पोचेपर्यंत धीर धरवेना. स्वयंपाकघरातून माझ्या खोलीत जाताना वाटेत थांबावं लागायचं. तिथे फ्रिजवर एक कॅलेंडर लावलेलं आहे. ते बघतेय असं दाखवून मी उभी राहायचे आणि पाय ताळ्यावर आले की पुढे जायचे. कॅलेंडर जुनं, सरलेल्या वर्षाचं. नवीन बाहेरच्या खोलीत लागलं, पण हे काढायचं आई विसरली. तिच्या ध्यानात आता अशा गोष्टी राहत नाहीत आणि ते माझ्या पथ्यावर पडलं.

शेवटी नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. तेल झालं, ताणून झालं. डॉक्टर माझ्याहून लहान होते, चुणचुणीत, आणि माझी फाइल एवढी जाड होती की त्यांनी ती उघडायचा धीरच केला नाही.

"चालून दाखवा."

मी चालले.

"वा. तुमच्या आजाराच्या मानाने फारच छान."

"पाय नाही, हात," मी म्हटलं. "बोटं बधिर होतात. हातातून वस्तू पडतात."

त्यांनी आपली दोन बोटं माझ्या मुठीत दिली. "दाबा." तपासणी म्हटली की माझ्या अंगात काय संचारतं कोण जाणे, मी जीव खाऊन दाबली. "जोर उत्तम आहे," ते बोटं सोडवून घेत म्हणाले. "घरी कशा असतात या?"

"छान असते," आई म्हणाली. "नोकरी करते. सगळं स्वतःचं स्वतः करते."

"मग झालं तर. वय वाढलं की तुमच्यासारख्यांचे स्नायू लवकर थकतात."

"पण हा आजार वाढत नाही, असंच मला जन्मभर सांगत आलेत."

"आजार वाढत नाही, वय वाढतं," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच्या वाक्यावर खूश होऊन हसले. मग त्यांनी स्नायू सैल करायच्या माझ्या नेहमीच्या गोळ्या वाढवून दिल्या. त्या गोळ्यांनी पायांचं पार पोतेरं झालं आणि हात होता तसाच राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

एके दिवशी दुपारी मी एक काच घासून पुसायला घेतली. फडक्यावर लाल डाग. पुन्हा पुसली, पुन्हा डाग. काचेला काय झालं म्हणून मी ती उजेडात धरली, तेव्हा दिसलं की माझाच अंगठा चांगला खोल कापला होता आणि रक्त मनगटापर्यंत आलं होतं. मला काहीच कळलं नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं. जन्मभर दुखण्याला शिव्या घातल्या आणि त्या दिवशी मी त्याची वाट बघत बसले.

काका धावत आले, त्यांनी पट्टी बांधली. नंतर थोडा वेळ ते दारात घुटमळत राहिले.

"थोडे दिवस पुढे बसतेस का? काउंटरवर?" ते म्हणाले. "लोकांना फ्रेमचे रंग दाखवायचे, बस. आरामाचं काम."

"आणि काचा कोण घासणार?"

"बघू काहीतरी. तुझा हात बरा होईपर्यंत."

"आणि झालाच नाही तर?"

काकांना खोटं बोलता येत नाही, त्यामुळे ते माझ्या पट्टीची गाठ पुन्हा बघायला लागले. मी पुढे जाऊन बसले. लोक आरशात बघून विचारायचे, हा रंग मला शोभतो का. मी म्हणायचे, शोभतो. आतून चाकाचा आवाज यायचा. दुसरंच कुणीतरी काच घासत असायचं, तेही घाईने, आणि मला कानांनीच कळायचं की आता कड उडणार.

अशाच एका संध्याकाळी मी आईला म्हटलं, "डॉक्टरांकडे पुन्हा जायचंय. या वेळी तू बोलायचं नाहीस."

आई ताटं मांडत होती. "मी काय बोलते? चांगलंच सांगते ना."

"तेच सांगू नकोस."

"मग काय, वाईट सांगू? डॉक्टरांना?" तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेडी. "वाईट सांगितलं की ते काय करतात ते विसरलीस वाटतं."

"मी कशी विसरेन? पाय माझे होते."

"आणि कान माझे होते," आई म्हणाली. "मी दाराबाहेर बसलेली असायचे."

पण त्या दिवशी मला दया करायची नव्हती. एवढी वर्षं दुखण्याची दमणूक सोसत आले होते, त्यात आता या चांगुलपणाच्या नाटकाची दमणूक मला झेपत नव्हती. मी म्हटलं, "आई, हा हात गेला तर माझ्याजवळ काही उरत नाही. दुकान नाही, काम नाही. आणि तुझ्यानंतर माझी बटणं कोण लावणार?"

'तुझ्यानंतर' हा शब्द आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नव्हता. तो दोघींच्या मध्ये ताटाशेजारी पडून राहिला. आई चिडली की मला 'बाई' म्हणते. "बाई," ती ताट माझ्याकडे सरकवत म्हणाली, "जेवून घे. गार होतंय."

भेटीच्या सकाळी मी उठले तेव्हा ती तेल तापवून, जमिनीवर चादर अंथरून तयार होती. त्या संध्याकाळचं बोलणं जणू झालंच नव्हतं.

"आज नको," मी म्हटलं.

"अगं, पाय लाकडासारखे होतील."

"होऊ देत. तेच दाखवायचंय."

ती वाटीकडे बघत राहिली. मग तिने तेल परत बाटलीत ओतलं. थेंबही सांडला नाही. चादरीची घडी घातली. आम्ही निघालो. वाटेत ती एक शब्द बोलली नाही आणि माझ्या आईने गप्प बसणं म्हणजे काय, हे आमच्या अख्ख्या जिन्याला माहीत आहे.

दवाखान्यातल्या बाकावर आमच्या शेजारी एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन बसली होती. मुलीच्या पायांत कॅलिपर, वर नवेकोरे मोजे. ती बाई मुलीच्या कानाशी लागून सांगत होती, "डॉक्टरकाका चाल म्हणाले की नीट चालायचं हं. घरी चालतेस तसं नाही. शहाण्यासारखं." मुलगी मान हलवत होती. मी आईकडे बघितलं नाही. आईने हातातली पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली.

आत गेलो. डॉक्टरांनी हसून ओळख दाखवली. "काय म्हणतात पाय? चला, चालून दाखवा."

मी पक्कं ठरवून आले होते. घरची चाल चालायची. पाय ओढायचे, भिंत धरायची, वाटेत थांबायचं. नवं नाटक करायचं नव्हतं, नुसतं जुनं थांबवायचं होतं. पण 'चालून दाखवा' हे शब्द कानांवर पडले आणि माझ्या आत कुठेतरी ती चड्डीवर उभी राहिलेली मुलगी ताठ झाली. लाकडासारखे पाय, त्यांना तेल नाही, ताण नाही, तरी मी टाच टेकली. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण टाच टेकली. दारापाशी वळले. हसले. परत आले. खुर्चीत बसले तेव्हा मला स्वतःच्या पायांना लाथ मारावीशी वाटली आणि त्यासाठीही पाय लागतात.

"मागच्यापेक्षा चांगलं," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांचा फायदा दिसतोय."

"मी घरी अशी चालत नाही," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. चिडले की माझं बोलणं अडखळतं, आणि अडखळलं की लोक आईकडे बघतात. डॉक्टरांनी आईकडे बघितलं.

"काय आई? घरी कशा असतात या?"

ठरलेलं वाक्य आता येणार म्हणून मी डोळे मिटले. वाक्य आलं नाही. मी डोळे उघडले तेव्हा आई पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली होती.

"इथेच अशी चालते," ती म्हणाली. "मी शिकवलंय तिला. लहान होती तेव्हापासून. तुम्हा लोकांना दाखवायची चाल आहे ही."

"म्हणजे?"

"म्हणजे घरची निराळी आहे. दाखवू का?"

डॉक्टरांना वाटलं, मोबाइलवर काही चित्रण असेल. त्यांनी हात पुढे केला. आईने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि ती उठून उभी राहिली.

माझी आई सत्तरी ओलांडलेली, स्वतःचे गुडघे धरून जिना चढणारी. ती टेबलापाशी उभी राहिली, तिने उजवा खांदा खाली पाडला, मान उजवीकडे नेली आणि ती चालायला लागली. टाचा वर. गुडघे एकमेकांना घासत. डावा पाय पुढे टाकायच्या आधी कमरेतून एक हिसका, मग पाय, मग फरशीवर पंजा घासल्याचा आवाज. तो आवाज मी रोज ऐकते, पण तो माझा आहे हे मला माहीत नव्हतं. भिंतीपाशी तिने हाताने आधार घेतला नाही, खांद्याने घेतला. मी खांद्यानेच घेते. हाताने घेतला तर कुणाला दिसेल म्हणून.

भिंतीवर मणक्याचं एक रंगीत चित्र लावलेलं होतं. त्याच्यापुढे ती थांबली आणि तिने चेहऱ्यावर असा भाव आणला की जणू त्यात काही फार महत्त्वाचं वाचायचंय. ओठ जरा पुढे, भुवया वर. छाती मात्र वरखाली होत होती. "इथे ती थांबते," चित्राकडेच बघत आई म्हणाली. "दमते म्हणून. पण दाखवते की काहीतरी बघतेय."

मला आधी लाज वाटली. मग संताप आला, भर दवाखान्यात ही माझी नक्कल करते म्हणून. आणि मग दोन्ही गेलं, कारण ती नक्कल नव्हती. थट्टेसाठी कुणी एवढं बारकाईने बघत नाही. मी भिंतीकडे तोंड करून बटणं लावते, तेही तिने करून दाखवलं. डॉक्टरांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला उजव्या हातात घेतला आणि डाव्या हाताने त्याच हाताचं मनगट धरलं. तो थरथरला आणि पाणी त्यांच्या कागदांवर सांडलं. ते तिने मुद्दाम केलं का तिचा हात खरंच थरथरला, हे मी अजून विचारलेलं नाही.

"सगळं स्वतःचं स्वतः करते, हे मी खोटं नाही सांगितलं," आई म्हणाली. "पण कसं करते ते सांगितलं नाही. हिचा अंगठा कापला तरी हिला कळलं नाही, डॉक्टर. काचेवर रक्त बघून कळलं. तुम्ही हिचे पाय बघू नका. जन्मभर सगळ्यांनी पायच बघितले. हात बघा."

मग ती खुर्चीत येऊन बसली. पिशवी परत घेताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

डॉक्टर उठून टेबलाच्या या बाजूला आले. बहुतेक पहिल्यांदाच. "डोळे मिटा," ते मला म्हणाले. मी मिटले.

"टोचतंय?"

"काय टोचतंय?"

"उघडा डोळे," ते म्हणाले. त्यांनी माझ्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली. माझा अंगठा आपोआप उडी मारून आत वळला. पुन्हा टिचकी, पुन्हा उडी. मला गंमत वाटली, त्यांना वाटली नाही. त्यांनी माझी मान हळूच पुढे वाकवली आणि पाठीतून वीज गेल्यासारखं झालं. आता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं. ते म्हणाले, "हे तुमचं जुनं दुखणं नाही. मानेत काहीतरी दाबलं जातंय. आजच्या आज एमआरआय करू." मग म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

ते खाली बघून ओले कागद टिपत राहिले.

एवढी वर्षं ओढून ओढून माझ्या मानेने आपले मणके झिजवले होते आणि त्यांच्या आतली मज्जारज्जूची दोरी चिमटली होती. आणखी काही महिने गेले असते तर हात पुरता गेला असता, असं ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले. जे गेलंय ते परत येईल याची खात्री नाही, पुढचं जाणं थांबेल, असंही म्हणाले. मला हा सौदा ओळखीचा होता. आमच्यासारख्यांना बरं करत नाहीत, बिघडायचं थांबवतात. मी हो म्हटलं. आई पुन्हा एकदा दाराबाहेर बसली. या वेळी आतून आवाज आला नाही आणि तेही तिला सोसवलं नाही, असं परिचारिका सांगत होती. दर थोड्या वेळाने उठून दाराला कान लावायची म्हणे.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. अंगठ्यात जाणीव आली आहे. दोन बोटांतला कापूस तसाच आहे आणि बहुतेक तसाच राहील. काका भेटायला आले तेव्हा खिशातून एक मोडकी फ्रेम काढून म्हणाले, "ही कुणाला जमत नाहीये. घाई नाही." मी ती उशाशी ठेवली. स्क्रू बसवायचा प्रयत्न रोज करते. कधी बसतो, कधी अंथरुणात पडतो आणि आई शोधत बसते.

घरी आले त्या दिवशी मानेला पट्टा होता, त्यामुळे मला समोरच बघता येत होतं. स्वयंपाकघरातून खोलीत निघाले. फ्रिजपाशी पाय थांबले. नाकासमोर ते कॅलेंडर. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आई, हे मागच्या वर्षीचं आहे."

"माहीत आहे," ती माझ्या मागून, ओट्यापासूनच म्हणाली.

"मग काढत का नाहीस?"

"काढायलाच घेतलं होतं, वर्ष सरलं तेव्हा. तेवढ्यात तू येऊन त्याच्यापुढे उभी राहिलीस." तिने नळ बंद केला. "म्हटलं, हे काढलं तर ही इथे थांबून बघेल काय?"

म्हणजे थंडीपासून. म्हणजे पहिला स्क्रू पडला तेव्हापासून ती बघत होती. बघूनही डॉक्टरांना 'छान असते' म्हणाली होती आणि घरी माझ्यासाठी एक जुनं कॅलेंडर तसंच राहू दिलं होतं. रागवावं की काय करावं ते मला समजेना. पट्ट्यामुळे मान फिरवता येत नव्हती, म्हणून ती काय करते ते दिसत नव्हतं, नुसतं काहीतरी ओढल्याचा आवाज येत होता. मग ती माझ्या आणि फ्रिजच्या मध्ये आली, तिने कॅलेंडर काढलं आणि ओट्याखालचं स्टूल पायाने माझ्याजवळ सरकवलं.

"बस," ती म्हणाली. "दमलीस."

मी बसले.